मठाचे झाले संग्रहालय : जुन्या गोव्यातील दोन वास्तूंची कथा

पणजीहून मांडवी नदीच्या काठाने पूर्वेस नऊ-दहा किलोमीटर गेले म्हणजे जुने गोवे लागते. येथे एके काळी एक मोठे शहर होते, यावर नवख्या माणसाचा सहसा विश्वास बसत नाही. माडांच्या राया, हिरवळीचे पट्टे आणि त्यांतून मधूनच वर आलेली चर्चची पांढरी शिखरे, एवढेच काय ते दृष्टीस पडते. ज्या नगरीच्या धक्क्याला लिस्बन, ओर्मुझ, मलाक्का व मकाव येथील गलबते लागत, तिची घरे, पेठा, जकातघर आणि राजवाडा ही सारी काळाच्या उदरात गडप झाली. धर्ममंदिरे तेवढी उरली. पण तीही सगळी उरली नाहीत. काही आज दिमाखाने उभी आहेत, काहींचा एखादा मनोरा उरला आहे, आणि काहींचे नाव जुन्या कागदांतच शोधावे लागते.

हा भेद कशामुळे पडला? बांधकामाचा भक्कमपणा हे त्याचे एक कारण खरे. पण ते मुख्य नव्हे. जी वास्तू कोणाच्या ना कोणाच्या उपयोगी पडत राहिली, ती टिकली. जिचे प्रयोजन संपले, तिच्या दगडांना लोकांनी दुसरे प्रयोजन शोधून दिले. या दृष्टीने जुन्या गोव्यातील दोन मठांचा इतिहास फार उद्बोधक आहे. त्यांपैकी एक असिसीच्या संत फ्रान्सिसचा, व दुसरा सांता मोनिकाचा. दोन्ही मठ धर्मकार्यासाठी बांधले गेले, दोन्ही ओसाड पडले आणि दोन्ही ठिकाणी आज संग्रहालये आहेत.

सन १५१० मध्ये आफोन्सो द अल्बुकर्क याने विजापूरच्या आदिलशाहीकडून गोवे जिंकून घेतले. पुढे १५३४ मध्ये येथे बिशपचे पीठ स्थापन झाले आणि पोर्तुगिजांच्या पौर्वात्य साम्राज्याची ही राजधानी झाली. फ्रान्सिस्कन, जेजुइट, डोमिनिकन व ऑगस्टीनियन या पंथांच्या साधूंनी येथे मोठमोठे मठ उभारले. पण हे वैभव फार काळ टिकले नाही. डच व इंग्रज यांच्या स्पर्धेने व्यापार खालावला. दाट वस्तीमुळे विहिरींचे पाणी दूषित झाले आणि हिवताप व महामारी यांच्या साथींनी शहराला ग्रासले. ज्याला मराठी कागदपत्रांत ‘विजरई’ म्हटले आहे, त्या पोर्तुगीज व्हॉइसरॉयने १७५९ मध्ये आपले निवासस्थान पणजीस हलविले. १८४३ मध्ये पणजी ही रीतसर राजधानी ठरली, तेव्हा जुने गोवे जवळजवळ निर्जन झाले होते.

मठांवरचा अखेरचा घाव मात्र रोगराईने घातला नाही. तो सरकारी हुकमाने घातला. पोर्तुगालमध्ये उदारमतवादी पक्षाच्या हाती सत्ता आल्यावर १८३४ मध्ये धार्मिक पंथ बरखास्त करण्यात आले, आणि पुढच्याच वर्षी गोव्यातही या हुकमाची अंमलबजावणी झाली. साधूंना मठ सोडावे लागले व मालमत्ता सरकारजमा झाली. ज्या वास्तूंची रोजची झाडलोट शेकडो हातांनी होत असे, तेथे दिवा लावणाराही कोणी राहिला नाही.

गोव्यातील बांधकामाची रीत ध्यानात घेतल्याशिवाय या एका हुकमाने एवढे मोठे मठ कसे कोसळले हे नीट कळणार नाही. येथील बहुतेक चर्च जांभ्या दगडाची आहेत. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो व वाऱ्यावर कठीण होतो. परंतु तो सच्छिद्र असल्यामुळे पाणी शोषून घेतो. म्हणून त्यावर चुन्याचा जाड गिलावा देत आणि तो वेळोवेळी नवा करीत. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. छपराची चार कौले सरकली आणि गिलाव्याला भेग गेली की दोन-तीन पावसाळ्यांत पाणी भिंतीच्या गाभ्यात शिरते. त्या ओलीत वड-पिंपळाचे बी रुजते आणि मग त्याची मुळे दगडाची सांधजोड उकलून टाकतात. अशा वास्तूला रोजची काळजी लागते. आणि वास्तू वापरात असल्याखेरीज तिची रोजची काळजी कोणी घेत नाही.

ऑगस्टीनियनांच्या मठाचे भवितव्य या बाबतीत बोलके आहे. साधू गेल्यावर हा अवाढव्य मठ रिकामा पडला. १८४२ मध्ये चर्चची कमान कोसळली. तेथील मोठी घंटा अखेर पणजीच्या टेकडीवरील चर्चमध्ये गेली आणि १८७१ पासून तेथेच आहे. १९३१ मध्ये चर्चचा दर्शनी भाग मनोऱ्याच्या अर्ध्या हिश्शासह खाली आला. आज सुमारे ४६ मीटर उंचीच्या त्या मनोऱ्याचा उरलेला भग्न भाग दुरून दिसतो. डोमिनिकनांच्या मठाची तर एवढीही खूण राहिली नाही. त्याच्या चर्चचे नक्षीदार खांब पणजीस नेण्यात आले, आणि १८४७ मध्ये अल्बुकर्कच्या पुतळ्यासाठी मंडप उभारताना ते वापरण्यात आले. तोच मंडप आज पणजीच्या आझाद मैदानात असून तेथे गोव्याच्या स्वातंत्र्याचे पुरस्कर्ते टी. बी. कुन्हा यांचे स्मारक आहे. चर्चचे खांब विजेत्याच्या पुतळ्याखाली गेले, आणि पुढे स्वातंत्र्यसैनिकाच्या स्मृतीला त्यांनी छाया दिली. दगडाला स्वतःचा पक्ष नसतो हेच खरे.

आता फ्रान्सिस्कनांच्या मठाकडे वळू. १५१७ मध्ये या पंथाचे आठ साधू गोव्यास आले. प्रथम त्यांनी एक लहानसे प्रार्थनामंदिर बांधले. पुढे त्याच्या जागी चर्च उभे राहिले आणि सन १६६१ मध्ये तेही उतरवून सध्याची मोठी वास्तू बांधण्यात आली. पण नवे चर्च बांधताना जुन्याचा दरवाजा मात्र जपण्यात आला. पोर्तुगालचा राजा मॅन्युएल याच्या काळात जी शिल्पशैली रूढ झाली, तिचा हा दरवाजा गोव्यातील एक दुर्मिळ नमुना होय. काळसर दगडात कोरलेल्या त्याच्या खांबांवर गलबताच्या दोरखंडासारखे पीळ आहेत. राजाचे चिन्ह म्हणून वलययंत्रेही कोरलेली आहेत. वलययंत्र म्हणजे आकाशातील ग्रहताऱ्यांच्या कक्षा कड्यांच्या रूपाने दाखविणारा गोल. समुद्रावरून आलेली सत्ता आपली मुद्रा देवाच्या दारावरही कशी उमटवीत होती, हे या एका दरवाजावरून उमगते.

आत शिरल्यावर फरसबंदीत बसविलेल्या थडग्यांच्या शिळा पायाखाली येतात. त्यांवर मानकऱ्यांची कुलचिन्हे व लेख कोरलेले आहेत. मुख्य वेदीवर क्रूसावरील येशू व त्यांच्यासह संत फ्रान्सिस अशी भव्य मूर्ती आहे आणि तिच्या तळाशी दारिद्र्य, विनय व आज्ञाधारकता या पंथाच्या तीन व्रतांचा उल्लेख आहे. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर लाकडी फळ्यांवर संतचरित्रातील प्रसंग रंगविले आहेत. कमानींवर वेलबुट्टी आहे. तिचा नकाशा युरोपातला असला, तरी फुलापानांचे वळण पाहता कुंचला इथल्याच कारागिराच्या हाती होता, असे वाटल्यावाचून राहत नाही.

या मठाला गोव्याच्या इतिहासात दुसरेही एक स्थान आहे, आणि ते सांगितल्यावाचून पुढची कथा अपुरी राहील. धर्मप्रसाराच्या कामात फ्रान्सिस्कनांच्या वाट्याला बारदेश प्रांत आला व जेजुइटांच्या वाट्याला साष्टी. सोळाव्या शतकात तिसवाडी, बारदेश व साष्टी या तिन्ही भागांतील देवळे पाडण्यात आली. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळास गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास गेली. भाविकांनी आपली दैवते नदीपलीकडे, अंत्रुज महालात, रातोरात नेल्याच्या आठवणी आजही घराघरांतून सांगितल्या जातात. ज्या मूर्ती व शिळा हलविता आल्या नाहीत, त्या शेतात, विहिरीत आणि पडक्या भिंतींत राहून गेल्या.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. भारताच्या पुरातत्त्व खात्याने १९६४ मध्ये फ्रान्सिस्कनांच्या मठात, चर्चला लागून असलेल्या दालनांत, पुराणवस्तुसंग्रहालय स्थापन केले. चर्च हे चर्चच राहिले. त्याची वेदी कोणी हलविली नाही. मात्र तेथील नित्याची उपासना थांबून ते राष्ट्राचे संरक्षित स्मारक झाले. साधूंच्या निवासाची जागा इतिहासाच्या अवशेषांना मिळाली, आणि ते अवशेष एकाच बाजूचे नव्हते.

येथे कदंब राजवटीच्या काळातील वीरगळ आहेत. लढाईत पडलेल्या योद्ध्याच्या स्मरणार्थ उभारलेली शिळा म्हणजे वीरगळ. महाराष्ट्रातील व कर्नाटकातील गावोगावी असे वीरगळ आढळतात. पण गोव्यातील काही वीरगळांवर गलबते व त्यांतील वल्हेकरी कोरलेले आहेत. पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी शतके आधी या किनाऱ्यावर आरमारी लढाया होत होत्या आणि त्यांत पडलेल्यांची दखल समाज घेत होता, याचा हा दगडी पुरावा होय. त्यांच्या जोडीला सतीशिळा, विष्णू व सूर्य यांच्या मूर्ती आणि जुने शिलालेख आहेत. ज्या धर्मसत्तेच्या अमदानीत देवळे भग्न झाली, तिच्याच एका मठाच्या छपराखाली आज देवमूर्तींना पावसापासून आसरा मिळाला आहे.

वरच्या मजल्यावर गेले म्हणजे देखावा पालटतो. तेथे पोर्तुगीज गव्हर्नर व विजरई यांची, साठाच्या घरात भरतील एवढी, मोठमोठी चित्रे लावलेली आहेत. या चित्रमालिकेचा आरंभ १५४७ मध्ये जुआंव द काश्त्रू या गव्हर्नराने केला. आपल्या पूर्वाधिकाऱ्यांच्या मुद्रा विस्मृतीत जाऊ नयेत म्हणून त्याने हे काम गाश्पार कोरैया या इतिहासकाराकडे सोपविले. ज्यांना त्याने प्रत्यक्ष पाहिले होते त्यांच्या आकृती कोरैयाने काढून दिल्या आणि एका स्थानिक चित्रकाराने त्या रंगविल्या. पुढे प्रत्येक नव्या अधिकाऱ्याचे चित्र त्यात भर घालीत गेले. ही चित्रे पूर्वी विजरईच्या वाड्यात असत. दरबारात येणाऱ्याने मान वर करून ती पाहावी, हा त्यांचा हेतू होता. आज शाळेतील मुले तीच चित्रे पाहतात, तेव्हा त्यांना आरंभीच्या चित्रांतील चिलखते आणि नंतरच्या चित्रांतील भरजरी झगे व केसांचे टोप यांतला फरक दिसतो. सत्तेचा दरारा ओसरला आणि वेषभूषेचा इतिहास शिल्लक राहिला.

अल्बुकर्कचा एक भव्य ब्राँझचा पुतळाही या संग्रहालयात आला. दुसरा पुतळा आला तो लुईश द कामोइंश या कवीचा. हा कवी १५५३ मध्ये सैनिक म्हणून गोव्यात आला होता. पोर्तुगिजांच्या सागरी पराक्रमावर त्याने रचलेले ‘उश लुझियादश’ हे महाकाव्य १५७२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचा पुतळा पोर्तुगीज सरकारने १९६० मध्ये, म्हणजे राजवट संपण्याच्या अवघ्या वर्षभर आधी, जुन्या गोव्यात उघड्यावर बसविला. गोवा मुक्त झाल्यानंतर त्याला लोकांचा विरोध झाला आणि अखेर तो संग्रहालयात हलविण्यात आला.

हे पुतळे वितळवून टाकणे अवघड नव्हते. परकी अंमल गेल्यावर जगात अनेक ठिकाणी तसे झालेही आहे. मग ते येथे का जपले गेले, असा प्रश्न कोणाही स्वाभिमानी नागरिकाच्या मनात येणे साहजिक आहे. विशेषतः ज्या घरांतून माणसे तुरुंगात गेली, त्या घरांत तो आल्याशिवाय राहणार नाही. त्याचे उत्तर संग्रहालय या संस्थेच्या स्वरूपात आहे. चौकातल्या चौथऱ्यावर उभा असलेला पुतळा येणाऱ्याजाणाऱ्याकडून आदराची अपेक्षा करतो. तोच पुतळा संग्रहालयात आला म्हणजे ती अपेक्षा संपते, आणि तो कोणी, केव्हा व कोणत्या हेतूने घडविला, हे विचारण्याची मुभा पाहणाऱ्याला मिळते. सन्मान काढून घेता येतो आणि पुरावा मात्र राखता येतो. पुतळा वितळविला असता तर सन्मानाबरोबर पुरावाही गेला असता. वीरगळ आणि विजरई एका छपराखाली ठेवण्यात समेट करण्याचा हेतू नाही. दोघांची साक्ष एकाच ठिकाणी नोंदविण्याची ती सोय आहे.

दुसरी वास्तू सांता मोनिकाची. ऑगस्टीनियन पंथाच्या साध्वींसाठी १६०६ मध्ये या मठाची पायाभरणी झाली आणि १६२७ मध्ये तो पूर्ण झाला. आर्चबिशप आलेइशो द मेनेझिश यांनी तो स्थापिला. मध्ये चौक व भोवती तीन मजली इमारत अशी त्याची रचना असून भिंतींना बाहेरून दगडी धिरे दिलेले आहेत. १६३६ मध्ये आगीने त्याची मोठी हानी झाली. परंतु तो पुन्हा उभारण्यात आला. पूर्वेकडील देशांत साध्वींसाठी बांधलेला हा पहिला मोठा मठ.

पंथ बरखास्त झाले तेव्हा या साध्वींना बाहेर काढण्यात आले नाही; पण नव्या स्त्रियांना दीक्षा देण्यास बंदी झाली. परिणामी शंभर जणींच्या राबत्यासाठी बांधलेल्या त्या इमारतीत एकेक खोली रिकामी होत गेली. राहिलेल्या साध्वी म्हाताऱ्या झाल्या आणि एकामागून एक निवर्तल्या. १८८५ मध्ये अखेरची साध्वी वारली. हुकूम निघाल्यापासून पन्नास वर्षे हा मठ असा हळूहळू मावळत होता. नंतर ही वास्तू लष्कराच्या वापरात गेली. तिचे भाग्य असे, की १९६४ मध्ये तेथे धर्मभगिनींच्या शिक्षणासाठी मातेर देई ही संस्था सुरू झाली आणि मठात पुन्हा माणसांचा वावर सुरू झाला. जुन्या गोव्यातील या दोन्ही मठांना नवे जीवन एकाच वर्षी लाभले, हा एक योगायोगच.

मठाच्या चर्चमध्ये २००२ मध्ये ख्रिस्ती कलेचे संग्रहालय आले. त्याचा आरंभ मात्र १९९४ मध्ये साष्टीतील रायतूरच्या, म्हणजे राशोलच्या, सेमिनरीत झाला होता. मराठी वाचकाला रायतूरचे नाव परके वाटू नये. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ हे मराठी ओवीबद्ध काव्य १६१६ मध्ये रायतूर येथेच छापले गेले. ते रोमन लिपीत छापले होते, पण त्याची भाषा व छंद संतकवींच्या परंपरेतला होता. त्याच्या त्या पहिल्या आवृत्तीची एकही प्रत आज उपलब्ध नाही. वस्तू जपणारी जागा नसली तर केवढा ठेवा हातचा जातो, याचे हे एक उदाहरण.

या संग्रहालयात हस्तिदंती मूर्ती, चांदीची उपकरणे, भरतकामाची वस्त्रे आणि लाकडी शिल्पे मांडली आहेत. त्यांचे विषय ख्रिस्ती आहेत. परंतु घडणीवर गोव्याच्या सोनारांचा व सुतारांचा ठसा स्पष्ट उमटलेला आहे. गोव्यातील काही चर्चमधल्या प्रवचनपीठांना तर चक्क नागकन्यांनी तोलून धरले आहे. हिंदू कारागिरांकडून ख्रिस्ती मूर्ती घडवून घेऊ नयेत, असे निर्बंध सोळाव्या शतकातील धर्मपरिषदेने घातले होते. अशी मनाई करावी लागली यावरूनच ती प्रथा किती रुजली होती हे दिसते. राजसत्ता आणि धर्मसत्ता यांच्या भांडणाखाली कारागिरांच्या हातांचा एक निराळा इतिहास वाहत होता, तो येथे पाहावयास मिळतो.

अशा रूपांतरात काही गमावले जाते, हेही मान्य केले पाहिजे. वेदीवरची मूर्ती काचेच्या कपाटात गेली म्हणजे तिच्यापुढे मेणबत्ती लावणारी म्हातारी तिला दुरावते. गावच्या वेशीवरचा वीरगळ दालनात आला म्हणजे त्याला शेंदूर लावणारे गाव त्याला पारखे होते. संग्रहालयाने या नुकसानीची भरपाई ज्ञानाने करावयाची असते. वस्तू कोणत्या गावची, कोठे सापडली, तिच्यावर काय लिहिले आहे, हे सामान्य प्रेक्षकाला त्याच्या भाषेत कळले, तरच ती जागा सार्थकी लागते. नुसती मांडामांड केली तर मठ गेला आणि कोठार आले, एवढाच बदल होईल.

‘गोव्यातील चर्च व मठ’ हा वास्तुसमूह १९८६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाला. दरसाल ३ डिसेंबरला संत फ्रान्सिस झेवियर यांच्या फेस्ताला येथे लाखोंची गर्दी लोटते. ती बॉम जेझूच्या चर्चकडे व समोरच्या से कॅथेड्रलकडे जाते. कॅथेड्रलच्या पलीकडेच काही पावलांवर फ्रान्सिस्कनांचा मठ आहे. तेथे वळणारे त्या मानाने थोडे. जे वळतील त्यांनी दोरखंडाच्या पिळाचा तो दरवाजा आणि गलबताचा तो वीरगळ ही दोन्ही एकाच फेरीत पाहावीत. दोन्ही दगडांवर समुद्रच कोरलेला आहे. एकावर तो ओलांडून येणाऱ्यांनी आणि दुसऱ्यावर त्याच्या काठी लढून पडणाऱ्यांच्या आप्तांनी. हे दोन दगड शेजारी शेजारी पाहता येतात, ते एक रिकामा मठ पडू न देता वापरात ठेवला म्हणून.